निवेदन बंद पडलं तेव्हा

धरणाच्या बांधकामावरचा जुना कृष्णधवल माहितीपट, १६ मिमीची प्रिंट, लांबी ७४० फूट. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम असतात आणि सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. साडेवीस मिनिटांचा खेळ. संध्याकाळी चाळीसेक प्रेक्षकांसमोर तो लावायचा होता.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला, सौम्य, पण ओळखू येणारा. ॲसिटेटची (जुन्या प्लास्टिकची) फिल्म कुजू लागली की तिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. म्हणून असा डबा इतर डब्यांच्या शेजारी ठेवायचा नसतो. आत आदल्या दिवशी ठेवलेली, आम्ल ओळखणारी तपासपट्टी निळ्याची हिरवट झाली होती, पिवळी नव्हती. मग आकुंचन मोजलं. नव्या प्रिंटच्या कडेची १०० भोकं ७६२ मिलिमीटरमध्ये बसतात. इथे ती ७५७ मध्ये बसली, म्हणजे सुमारे ०.६६ टक्के आक्रसलेली. एक टक्क्याच्या पुढे गेलेली प्रिंट मी मशीनवर चढवत नाही. भोकं स्प्रॉकेटच्या, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या चाकाच्या, दात्यांवर नीट बसत नाहीत आणि कडेने फाटत जातात.

सुती हातमोजे घालून, फिल्मच्या दोन्ही कडा बोटांच्या चिमटीत धरून सगळं रीळ हाताने फिरवलं. फाटकी भोकं आणि सुटलेले जोड डोळ्यांआधी बोटांना कळतात. अकरा जोड होते, त्यातले दोन वाळून उकलले होते. इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून, फिल्म सिमेंट (फिल्म जोडायचं द्रावण) लावून ते पुन्हा दाबले. हे सिमेंट ॲसिटेटवरच धरतं. पॉलिस्टरच्या फिल्मला टेपच लावावी लागते.

संध्याकाळी गेट, म्हणजे चित्रावर प्रकाश पडतो ती चौकट, ब्रशने साफ केलं आणि तिच्या वरचा-खालचा लूप, म्हणजे फिल्मची सैल कमान, नीट ठेवून फिल्म चढवली. खालचा लूप नेमका हवा. १६ मिमीमध्ये प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या २६ फ्रेम आधी छापलेला असतो, लूप कमी-जास्त झाला की आवाज आणि चित्र यांची फारकत होते. निवेदनाच्या माहितीपटात ती लवकर लक्षातही येत नाही, सुरुंग किंवा हातोड्याच्या घावाशी येते.

बाराव्या मिनिटाला आवाज गेला. पडद्यावर चित्र चालू, स्पीकरमध्ये नुसती बारीक खरखर. ॲम्प्लिफायर चालू होता, वायर जागेवर होती, पण फिल्मवरचा आवाज वाचला जातो त्या साउंड ड्रमपाशी अंधार होता. एक्सायटर दिवा उडाला होता. बोटाच्या पेराएवढा, ४ व्होल्टचा दिवा. त्याचा प्रकाश बारीक फटीतून साउंडट्रॅकवर पडतो, ट्रॅकच्या रुंदीप्रमाणे कमी-जास्त होतो आणि फोटोसेल त्याचा विजेचा संकेत करतो, त्याचाच स्पीकरमध्ये आवाज होतो. दिव्याची तार झिजून खाली झुकली की जाण्याआधी 'स' आणि 'श' बोथट ऐकू येऊ लागतात. दुपारच्या चाचणीत ते ऐकू येत होते. मी दोष प्रिंटवर टाकला, दिवा तेव्हाच बदलायला हवा होता.

आता मशीन थांबवावं की चालू ठेवावं? थांबवून पुन्हा सुरू करताना बसणारा झटका आक्रसलेल्या भोकांवर येतो. चालू ठेवलं. प्रेक्षकांना सांगितलं की उरलेला भाग आवाजाशिवाय जाईल आणि नंतर आवाजासह पुन्हा दाखवू. कोणी उठलं नाही.

ती साडेआठ मिनिटं मी केबिनच्या खिडकीतून पाहिली. यंत्राच्या टकटकीखेरीज आवाज नाही. घमेली डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायकांची रांग, फळीवर पाय ठेवण्याआधी पायाच्या अंगठ्याने तिचा अंदाज घेणारी एक, आणि दुसरी, तीन सेकंद थेट कॅमेऱ्याकडे पाहणारी. ती दिसली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शेजारच्याच्या हातावर हात ठेवला.

दिवा बदलायला दोन मिनिटं लागली. रीळ मागे घेऊन तोच भाग आवाजासह लावला. निवेदक भारदस्त आवाजात घनमीटर आणि किलोवॅट सांगत होता. ती बाई आली तेव्हा नेमका एक आकडा चालू होता आणि सभागृहात काहीच हललं नाही. नंतर विचारलं तर बहुतेकांना ती आवाजाच्या वेळी दिसलीच नव्हती, मघाशी मात्र दिसली होती.

त्या काळी माहितीपटांची चित्रं बहुधा मुकीच घेतली जात. १९४८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुख्य चित्रपटाआधी थिएटरांत सक्तीने दाखवत आणि अनेक भाषांत काढत. चित्र तेच, निवेदन बदललेलं. माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, त्यांच्यावरचं बोलणं ऐकू येतं, याची मुळं इथे आहेत. भारतातल्या पहिल्या चित्रपटकारांपैकी एक, सावेदादा (ह. स. भाटवडेकर) यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, तिच्यावर सांगणारा कोणी नव्हता. तशी चित्रं मला आजही जास्त जवळची वाटतात.

सगळे गेल्यावर रीळ टेबलावर परत गुंडाळताना ती बाई आली तिथे थांबलो आणि भिंग लावलं. ७० फ्रेम, पावणेदोन फूट. हात कोपरापर्यंत सिमेंटने माखलेला, पदर दातात. विसाव्या फ्रेमच्या आसपास पदर सुटतो आणि ओठ हलतात. ती काहीतरी म्हणते, कॅमेरामनला असेल किंवा मागच्या बाईला. फिल्मच्या कडेला, तिच्या चेहऱ्याला लागूनच, साउंडट्रॅकची नागमोडी रेघ आहे. तो निवेदकाचा आवाज आहे, आणि तोही तिच्यासाठीचा नाही, २६ फ्रेम पुढच्या चित्रासाठीचा.