हुमणीची दोन बिऱ्हाडं: वर्ष दुसरं

गेल्या वर्षापर्यंत माझ्या लेखी हुमणी म्हणजे हुमणी, पिकांची मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. यंदा दोन्ही जाती शेजारी-शेजारी बादल्यांत वाढवल्या, आणि आता त्यांना एका नावानं हाक मारवत नाही.

एक नदीकाठची, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. सांगलीजवळच्या हरिपूरच्या संगमाजवळच्या उसातून, नदीच्या गाळाच्या रानातून आणलेली. दुसरी माळावरची, होलोट्रायकिया सेराटा. ही कवठेमहांकाळच्या बाजूला मिळाली, मुरमाड बांधावरच्या कडुनिंबावर.

माळावरचे भुंगेरे बघायचे तर वळीव पडल्यावर दिवेलागणीला निंबाखाली उभं राहावं. आधी जमिनीतून भोकं पाडून वर येतात, मग झाड गजबजतं. बॅटरी मारली तर मादी पाला खात असते आणि नर तिला धरून डोकं खाली करून लोंबकळत असतो. ते दृश्य मी तासभर बघत बसलो. बाभूळ, बोरही त्यांना चालते.

नदीकाठच्याला मात्र मी निंब, बाभूळ, उसाचं पान, सगळं देऊन पाहिलं. एकाला तोंड लावलं नाही. आकारानं हा चांगलाच थोराड. भिंगाखाली पाठीवर बारीक फिकट खवले दिसतात. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही तोच, खवले वागवणारा. जुन्या भुंगेऱ्याची पाठ घासून तपकिरी पडलेली असते, म्हणून ओळखायला ताजा नमुनाच घ्या. माळावरच्याची पाठ नुसती तांबूस-तपकिरी.

अळ्या ओळखणं अवघड. दोन्ही पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या. नदीकाठच्या अळीच्या शेपटाखाली राठ केसांच्या दोन समांतर रांगा असतात. दहापट भिंगानं त्या स्पष्ट दिसतात.

एक चूक फार जिव्हारी लागली. माळावरच्या अळ्यांच्या एका बादलीत मी नदीची काळी माती भरली आणि वर पाणीही सढळ हातानं घातलं. ऑगस्टात बारापैकी सात मेल्या. अंग कडक, वर हिरवी भुकटी. ही बहुतेक मेटारायझियम बुरशी, जी आपले ऊसवाले हुमणीवर मुद्दाम सोडतात. मुरमाच्या बादलीतल्या मात्र तगल्या. जानेवारीत तिथली एक मातीची कोठी (अळी कोषात जाताना स्वतःभोवती करते ती पोकळी) अलगद फोडली, तर आत पुरा तयार भुंगेरा, पाय पोटाशी घेऊन, पावसाची वाट बघत. कोठी लगेच ओल्या मातीनं लिंपून टाकली.

नदीकाठची बादली अजून उकरलेली नाही. वळीव येईपर्यंत उकरणारही नाही. सांगली जिल्ह्यातल्या जतकडच्या कुणाला यंदा निंबावर भुंगेरे दिसले, तर तारीख आणि वेळ तेवढी टिपून ठेवा. माझ्या नोंदींत जत अजून कोरंच आहे.