लाइन चोक झाली की पाणी मारू नका

स्लॅबचं काम ऐन रंगात असताना काँक्रीट पंपाची पाइपलाइन चोक होते आणि लगेच कुणीतरी ओरडतं, "हॉपरमध्ये (पंपाच्या काँक्रीट ओतायच्या टाकीत) पाणी मार!" ही सवय मोडायलाच हवी, कारण बहुतेक वेळा चोक पाणी कमी पडल्याने होत नाही, पाणी खडीला सोडून पुढे गेल्याने होतो.

काँक्रीट म्हणजे सिमेंटच्या पेस्टमध्ये दाटीवाटीने बसलेली खडी-वाळू. पाइपच्या आतल्या अंगाला पेस्टचा पातळ थर धरतो आणि मधला गाभा त्यावरून अखंड घसरत जातो. पेस्ट पातळ असेल तर दाबाखाली ती खडीच्या फटींतून निसटते, मागे खडीची दाटी वाढते. एकाच मापाचे गोल कण कसेही भरले तर साधारण 64 टक्के जागा व्यापतात. खरबरीत, टोकदार कण त्याआधीच अडतात. या हद्दीजवळ व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, कशी उसळते बघा: दाटी 58 वरून 62 टक्क्यांवर गेली की हद्दीपर्यंतचं अंतर 6 वरून 2 वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि विरोध त्याच्या वर्गाने वाढून जवळपास 9 पट होतो. पुढे तर खडीला खडी टेकते, आणि पंपाचा जोर पेस्टऐवजी खडीतून थेट पाइपच्या भिंतीवर जातो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये दाखवलं होतं की घट्ट बसलेल्या कणांच्या राशीला सरकायचं तर आधी फुगावं लागतं, म्हणजे कणांना एकमेकांपासून थोडं दूर व्हावं लागतं. पाइपात फुगायला जागा कुठली? म्हणून रेड्युसर (पाइप अरुंद करणारा तुकडा) आणि बेंड हीच चोकची ठिकाणं. 125 मिमीच्या लाइनला टोकदार खडी जास्तीत जास्त 40 मिमी, म्हणजे व्यासाचा तिसरा हिस्सा. त्याहून मोठे दोन-तीन दगड शेजारी आले की कमान धरतात. 20 मिमी खडी केव्हाही बरी. वाळूत बारीक भाग कमी असेल तर पाणी धरून ठेवणारं कुणी राहत नाही. सुरुवातीला 1:2 सिमेंट-वाळूचं ग्राउट (पातळ मिश्रण) सोडून पाइप आतून माखून घ्या, उन्हाळ्यात लाइनवर ओली गोणपाटं टाका.

चोक झालाच तर पंप दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स, म्हणजे उलटा चालवा, मग हळू पुढे. सुटत नसेल तर जोर लावू नका, दाटी आणखी आवळते. पाइपवर हातोडी ठोकत जा: बद्द आवाज येतो तिथे अडलंय. रिव्हर्सने दाब पूर्ण उतरवल्याशिवाय पाइपच्या जोडावरच्या क्लॅम्पला हात लावायचा नाही, पाइपच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. आतून निघालेली ढेप हातात घेतलीत तर खडी जवळजवळ नागडी दिसेल, पेस्ट पुसून गेलेली. ती पुन्हा हॉपरमध्ये टाकू नका. पुढच्या बेंडला तीच बसेल.