डॉट डिप्लॉइड दिसतंय, मग सर्व्हिस कुठाय?

एका पतसंस्थेची, खात्यातली शिल्लक सांगणारी जुनी सोप सर्व्हिस (एक्सएमएल निरोपांवर चालणारी वेब सर्व्हिस) माझ्याकडे आली. जावा ८ वरून १७ वर न्यायची आणि वाइल्डफ्लाय ३० या ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवायची. लॉजिकला हात लावायचा नाही, नुसती नवी वॉर फाइल, म्हणजे सर्व्हरवर टाकायचं ॲपचं गाठोडं, बांधायची. दोन तासांचं काम, असं सकाळच्या स्टँडअपमध्ये सांगून मोकळा झालो.

कंपाइललाच अडलं. सोप सर्व्हिससाठी लागणारं जॅक्स-डब्ल्यूएस आधी जेडीकेतच, म्हणजे जावाच्या किटमध्येच मिळायचं, म्हणून पॉममध्ये (मेव्हन या बिल्ड टूलच्या फाइलमध्ये) त्याचा उल्लेख नव्हता. २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकलंय. मी त्याऐवजी अपाची सीएक्सएफ ३ ही लायब्ररी टाकली, बिल्ड झाला, वॉर डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये टाकली. शेजारी डॉट डिप्लॉइड फाइल, म्हणजे ‘वॉर चढली’ अशी सर्व्हरची खूण, उगवली, लॉगमध्ये एकही एरर नाही. आणि ब्राउझरमध्ये डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल) मागितली तर ४०४.

एरर असती तर ती धरून पुढे तरी गेलो असतो. इथे सगळं हिरवंगार, आणि सर्व्हिस गायब. जेवणाची सुट्टी गेली तेव्हा इंपोर्टच्या ओळीकडे लक्ष गेलं. ‘ही सर्व्हिस आहे’ असं सर्व्हरला सांगणारं वेबसर्व्हिस ॲनोटेशन जुन्या जावाएक्स पॅकेजमधलं होतं. २०२० च्या जकार्ता ईई ९ ने (सर्व्हरवरच्या जावाचं मानक) पॅकेजची ती नावं जावाएक्सऐवजी जकार्ता अशी बदलली आणि वाइल्डफ्लाय २७ पासून फक्त नवी चालतात. अनोळखी ॲनोटेशन दिसलं की कुणी तक्रार करत नाही, मुकाट्याने पुढे जातात. सर्व्हरच्या लेखी माझ्या वॉरमध्ये सर्व्हिस नव्हतीच.

नावं बदलली, सीएक्सएफ ४ घेतलं. आता डॉट फेल्ड! पण मला बरंच वाटलं, निदान तोंड तरी उघडलं. सर्व्हिसच्या पॅकेजमध्ये सीएक्सएफची जार (लायब्ररीची फाइल) सापडली, ती काढा, असा निरोप. वाइल्डफ्लायच्या पोटात स्वतःचं सीएक्सएफ असतंच. एका म्यानात दोन तलवारी कशा राहतील? ते काढलं, कंपाइलपुरती जकार्ताची एपीआय जार ठेवली, स्कोप प्रोव्हायडेड, म्हणजे वॉरमध्ये न जाणारी. वॉर एकदम हलकी झाली.

तरीही फेल्ड, आता डब्ल्यूएसडीएल सापडत नाही म्हणून. शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "अरे, वॉर उघडून बघितलीस का?" नव्हती बघितली. जार टीएफ मारलं, वॉरमधल्या फाइलींची यादी आली. कोडमध्ये पत्ता वेब-इन्फ/डब्ल्यूएसडीएल, आणि मी फाइल रिसोर्सेसमध्ये ठेवल्यामुळे मेव्हनने ती वेब-इन्फ/क्लासेसच्या आत नेऊन ठेवलेली. वेबॲपखालच्या वेब-इन्फमध्ये हलवली आणि एकदाचं एक्सएमएल दिसलं.

संध्याकाळी सात वाजता टेस्टिंगवाल्याचा फोन: "दादा, जुना पत्ता लागत नाहीये." मेव्हनने वॉरच्या नावात व्हर्जन चिकटवलेलं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर वाइल्डफ्लाय फाइलच्या नावावरूनच पत्ता ठरवतो. पॉममध्ये वॉरचं नाव ठरवणारी फायनलनेमची एक ओळ घातली आणि घरी निघालो.