आमची वाटचाल : फाईल कुठेही उघडली पाहिजे

फोंड्यात आमचं ऑफिस लहानच आहे, पण फ्रीकॅड या थ्रीडी डिझाईनच्या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेप फाईल, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधलं डिझाईन दुसऱ्यात नेणारी फाईल, नीट लिहिणं-वाचणं हे काम आमच्याइतकं खोलात जाऊन करणारं गोव्यात दुसरं कोणी मला तरी माहीत नाही, आणि हे मी छाती ठोकून सांगतो. स्टेपचं आयएसओ १०३०३ हे स्टॅंडर्ड १९९४ पासून आहे, तरी आजही लोक पेन ड्राइव्हवर कुठल्यातरी बंद फॉरमॅटची फाईल आणतात नि म्हणतात, एवढी उघडून द्या.

सुरुवातीपासून बरोबर राहिले ते कुंडईचे काका. त्यांचं काम स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, हॉपर, फार्मावाल्यांची कामं. पार्टांची नावं ते मराठीतच देणार, झाकण, कान, दांडा. एक्स्पोर्ट केलं की पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं. सगळे सांगायचे काका इंग्लिशमध्ये लिहा, काका म्हणायचे शॉपवर माझी पोरं हीच नावं वाचतात, बदलणार नाही. आणि सोय स्टॅंडर्डमध्ये आहेच! फाईल कशी लिहायची ते सांगणाऱ्या भाग २१ मध्ये उलटी तिरकी रेघ, एक्स२, परत रेघ, मग एकेका अक्षराचा चार आकडी युनिकोड, 'क' असेल तर ०९१५, नि शेवटी तसंच एक्स०. आम्ही त्याची छोटी पायथन स्क्रिप्ट केली, काकांचं 'झाकण' पलीकडे 'झाकण' म्हणूनच उघडलं. काकांनी त्याच दिवशी ॲडव्हान्स दिला, ते मी विसरणार नाही.

मग वेर्ण्याची एक मोठी पार्टी आली. टाकी आमची, खालचा सांगाडा दुसऱ्या एका फर्मचा, त्यांच्याकडे महागडं सॉफ्टवेअर. दोन्ही फाईली एकत्र केल्या तर काहीच जुळेना, नि त्या फर्मने सरळ सांगून टाकलं की फुकटच्या सॉफ्टवेअरची फाईल आहे, तीच खराब असणार. पार्टीने ऐकलं त्यांचंच. पेमेंट अडकलं ते ऐन चवथीच्या तोंडावर, पोरांचे पगार द्यायचे, भाडं थकलेलं, शेवटी प्लॉटर विकला. मी लॅपटॉप घेऊन प्लांट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेलो, दोन्ही फाईली नोटपॅडमध्ये उघडल्या, स्टेप साधी टेक्स्टच असते, आणि युनिटची ओळ दाखवली. आमच्यात मिली नि मीटर, त्यांच्यात नुसतं मीटर, आणि आकडे मात्र मिलिमीटरचे. म्हणजे पाच हजार मिलिमीटरचा सांगाडा फाईलीच्या हिशोबाने पाच किलोमीटर उंच. मॅनेजर गप्प बसले. अर्धं बिल मिळालं, अर्धं आजपर्यंत नाही, सॉरी तर नाहीच, आणि त्या फर्मला तिथे अजून कामं मिळतात. हे मला आजही खुपतं.

पुढची वर्षं बरी गेली, काकांनी दोन-तीन पार्ट्या जोडून दिल्या.

नवीन पोरांना सांगतो, एक्स्पोर्ट केलेली फाईल स्वतः परत इम्पोर्ट करून बघा, घनफळ नि बाहेरची मापं जुळतात का ते ताडा, मगच मेल करा. थ्रीडी प्रिंटिंगची एसटीएल फाईल डिझाईन म्हणून कोणाला देऊ नका, त्यात नुसते त्रिकोण, युनिटसुद्धा नसतं. मूळ फाईलीबरोबर स्टेपची कॉपी ठेवाच, लायसन्स संपलं तर हातात काहीतरी राहतं. आणि फ्रीकॅडमधला बग सुधारलात तर पॅच, म्हणजे तो सुधारलेला कोड, घरात दाबून ठेवू नका, मूळ प्रोजेक्टला पाठवा, नाहीतर दर नवीन व्हर्जनला तेच परत जोडत बसावं लागतं. २०२४ च्या नोव्हेंबरात फ्रीकॅड १.० आलं तेव्हा ज्यांनी पॅच स्वतःकडेच ठेवले होते त्यांना विचारा.

आता स्टेपच्याच एपी २४२ या भागाचं काम घेतलंय, त्यात टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, मॉडेलबरोबरच जातात, ते फ्रीकॅडमध्ये नीट दिसायला हवेत. टेस्टिंगला खऱ्या शॉपमधल्या फाईली लागतात, कोणाकडे असतील तर द्या, गुप्ततेचं लिहून देतो.