दुकानापर्यंत एकटी

शनिवार, रात्र

आज लेक पहिल्यांदा एकटी वाण्याकडे गेली. वय सात. आमच्या बोळाच्या तोंडाशी दुकान, कुमठेकर रस्त्याच्या अलीकडेच. रस्ता ओलांडायचा नाही, हे पक्कं ठरलेलं.

तीन आठवडे सराव केला. ती पुढे, मी दोन पावलं मागे. फूटपाथ नाहीच, दोन्ही बाजूंना स्कूटरी लावलेल्या. त्यांच्यामधून बाहेर पडणारं एवढंसं पोर समोरच्याला दिसतच नाही, म्हणून स्कूटरच्या कडेशी थांबायचं, डोकं काढून बघायचं. दोन्हीकडे, कारण एकेरी रस्त्यावरही उलटे येणारे असतात. या वयात लांबून येणाऱ्या गाडीचा वेग जोखता येत नाही, आणि बॅटरीवरच्या गाड्यांचा तर आवाजही येत नाही. माझा फोन नंबर तिला पाठ आहे, मुलांच्या मदतीचा १०९८ पण.

मी लहान असताना याच पेठेत ओट्याओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. "कुणाची गं तू?" म्हणून हटकायचं. आता त्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, खाली पार्किंग. पोरांवर लक्ष ठेवणारे ते डोळेच गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

मला भीती गाड्यांची. तिला विचारलं तर म्हणाली, "काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही तर?" हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. काउंटर तिच्या डोक्याएवढा, आणि मोठी माणसं तिच्या डोक्यावरून नोटा पुढे करतात. दुसरी भीती विजेच्या डीपीपाशी झोपणाऱ्या कुत्र्याची. पळायचं नाही, त्याच्या डोळ्यात बघायचं नाही, सावकाश बाजूने जायचं, एवढं शिकवलंय.

गॅलरीतून बघत होते. कुत्र्यापाशी ती थबकली. पिशवी छातीशी धरली, भिंतीला चिकटून हळूहळू पुढे सरकली. मग वळणाआड गेली. पुढची अकरा मिनिटं मी गॅलरीचा कठडा सोडला नाही.

आली तेव्हा पाव किलो साखर, सुटे पैसे बरोबर, गाल लालबुंद. "आई, तीनदा ओरडून सांगितलं, काका माझा नंबर आहे! मग एका आजीनी त्यांना सांगितलं, आधी हिला द्या."

पाणी प्यायली. मग विचारलं, "तू गॅलरीत होतीस ना?"

"होते."

जरा विचार करून म्हणाली, "उद्या पण थांब. पण कुत्र्यापर्यंतच. मग आत जा."