बारा थाऊची तार

आमच्या घरी खंडेनवमीला गिटारची पूजा होते. पाटावर मापं घ्यायचे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, नट आवळायचे दोन पाने, एक हातोडी आणि पाटावर मावत नाही म्हणून शेजारी भिंतीला टेकवलेली गिटार. अण्णांची सगळी नोकरी कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर गेली. जे हातात धरून काम होतं ते हत्यार, एवढी सरळ त्यांची व्याख्या. आणि पूजेला बसवायचं हत्यार मळकं चालत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी साफसफाई. वाजवणारी माणसं दोन-तीन महिन्यांनी तारा बदलतात, मी वर्षातून एकदा. आळसाला मुहूर्त मिळाला की त्याची परंपरा होते.

तसा मुहूर्त वाईट नाही. जूनपासून कोल्हापुरात भिंतींना ओल, पापड मऊ, माळ्यावरच्या चपलांवर पांढरी बुरशी. गिटारचं लाकूडही पाणी ओढून घेतं. वरची फळी किंचित फुगते, तारा उचलल्या जातात आणि साधा एफ कॉर्ड धरायचा तर बोटं बोंब मारतात. तारा तपकिरी पडतात, वाजवल्यावर हाताला लोखंडाचा वास येतो. नवरात्रात हवा सुकायला लागली की लाकूडही आवरतं घेतं.

तारा कापायच्या आधी ढिल्या करायच्या, हे मला अण्णांनी शिकवलं. त्यांना गिटारमधलं काही कळत नव्हतं, पण ताण कळत होता. सहा तारा मिळून फळीला ७०-७५ किलोनं ओढतात, म्हणजे दीड पोतं सिमेंट, आणि ती फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड. खुंट्या सोडल्या, मग तारांची खालची टोकं अडकवणाऱ्या पिना काढायला घेतल्या. एक हमखास अडकते. मी सांडशी आणायला उठले की अण्णा ओरडणार, "सांडशी न्हाई! आतनं चमच्यानं ढकल." भोकातून हात घालून चमच्याच्या दांड्यानं ढकललं की पिन टुणकन बाहेर.

पहिल्या वर्षी नव्या तारांचं पाकीट त्यांच्या हातात पडलं तेव्हाची गंमत. त्यावर आकडे होते : १२, १६, २४, ३२, ४२, ५३. अण्णांनी चष्मा वर केला. "हे थाऊ हाय की गं!" इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, त्यांच्या जन्माची भाषा. लगेच मायक्रोमीटर निघाला. पहिली तार मोजली, बरोबर १२. जाड ५३ची मोजताना मात्र थांबले, नखानं खरवडून बघितलं. आत पोलादाचा गाभा, वर ब्रॉन्झची तार घट्ट गुंडाळलेली. "वाइंडिंग चांगलं केलंय," एवढं प्रशस्तिपत्र दिलं आणि चहा मागितला. त्या गुंडाळीच्या फटींतच घाम आणि मळ बसतो, म्हणून जाड तारा आधी मुक्या होतात.

मग पुसणं. पडद्यांच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेला वर्षाचा काळा मळ साचलेला असतो. बोटांचाच असतो, दुसऱ्या कुणाला नावं ठेवायची सोय नाही. एका वर्षी मी शहाणपणा करून भांड्यांच्या तारेच्या घासणीनं घासलं. पडदे चमकले आणि लाकडावर ओरखडे उठले, ते आजही आहेत. आता सुती कापड, जुना टूथब्रश आणि दोन थेंब लेमन ऑइल. खोबरेल नाही, ते लाकडात खवट होतं. खुंट्यांच्या उघड्या दातांवर अण्णा शिलाई मशीनचं तेल टाकतात, काडीच्या टोकानं, एकच थेंब.

एकदा बोटांना सोपं जावं म्हणून मी पातळ संच आणला, १० पासूनचा. तारा चढवल्या, सुरात लावल्या आणि गिटार खरखरायला लागली. जरा जोरात छेडलं की झीं. इथून पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत, तंबोऱ्यातून हीच झीं निघावी म्हणून कारागीर तारा टेकतात ती घोडी घासतात, तारेखाली सुताचा दोरा सरकवतात आणि तिला मानानं जवारी म्हणतात. आमच्या मंडईत जवारी म्हणजे गावठी, जवारी मिरची, जवारी कोंबडी. माझ्या गिटारची दुसऱ्या अर्थानं जवारी झाली होती.

अण्णांनी दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम घेतला. "ताण कमी केलास. दांडा मागं गेला, तारा पडद्यांना घासतात." दांड्याच्या आत ताण झेलायला लोखंडी सळई असते आणि ती अ‍ॅलन कीनं फिरते, हे त्यांना त्या दिवशी समजलं. दसरा त्यांचा तिथंच साजरा झाला. पाव फेरा ढिली केली. "वाजव." थोडी कमी. पुन्हा अगदी जरासा. खरखर गेली.

"कसा वाटतो आवाज?" मी विचारलं. नव्या तारांनी खोली लखलखत होती. ते म्हणाले, "मला काल पण असाच येत होता."

लेथच्या आणि शेजारच्या प्रेसच्या आवाजात त्यांचे वरचे सूर कधीच गेलेत. कारखान्याचा गोंगाट आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं खातो, आणि नव्या तारेची झळाळी वरच्या उपस्वरांतच असते. त्यांना नवी-जुनी तार नखानंच ओळखू येते. मी वाजवताना मात्र गिटारच्या पाठीवर पंजा ठेवून बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही तारा उतरलेल्या. "नवा पट्टा पण असाच ढिला पडतोय," म्हणाले, "दोनदा ओढ, बसंल." मी खुंट्या पिळत बसले. ते जुनी १२ थाऊची तार सरळ करून तिच्यात झेंडू ओवत होते. सुईची गरज नाही, तीच फुलातून आरपार जाते. तोरण झाल्यावर त्यांनी हळद-कुंकवाचं बोट गिटारच्या डोक्यावर टेकवलं. तेवढा डाग मी पुसत नाही.