उताण्या पडलेल्या गोगलगायी

"शेवाळ फार झालंय, येताना गोगलगायी जास्त आणा." रीफ टँकची, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, देखभाल करणाऱ्या माझ्यासारख्याला असे निरोप नेहमीचेच. पण त्या दिवशी निरोप पाठवणाऱ्या ताईंच्या टाकीपाशी पोचलो आणि आधी दिसली ती वाळू. ट्रोकस गोगलगायी उताण्या पडल्या होत्या. ॲस्ट्रिया ही दुसरी गोगलगाय उलटली तर तिला सहसा सुलटं होता येत नाही, ट्रोकसला येतं. या मात्र सुलट्या करून काचेला लावल्या तरी गळून पडत होत्या.

दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर. त्यातून लोंबणाऱ्या तारा आणि तारांच्या टोकांना बुडबुडे.

"ताई, सकाळी दिवे लागायच्या आधी हे कमी दिसतं का?"

"हो! सकाळी टाकी स्वच्छ असते. दुपारी पुन्हा तेच."

पाणी तपासलं. शेवाळाला लागणारी पोषकं म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, दोन्ही शून्य. ताई खूश झाल्या, मला मात्र धास्ती वाटली. हातमोजे घालून थोडा थर बाटलीत घेतला, जोरात हलवला, कॉफीच्या फिल्टरमधून गाळला आणि ते पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात त्यात पुन्हा तारा जमल्या. सूक्ष्मदर्शकाखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या, निमुळत्या टोकाशी दोरीने बांधल्यासारख्या जागच्या जागी फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस! हा डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, थोडक्यात 'डायनो'. याच्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखं विष तयार करतात. आणखी गोगलगायी सोडणं म्हणजे त्यांना मरायला पाठवणंच होतं.

जिवंत होत्या त्या वेगळ्या टाकीत हलवल्या. विष शोषायला ॲक्टिव्हेटेड कार्बन लावला आणि फॉस्फेट शोषणारं माध्यम काढून टाकलं. मग नायट्रेट 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 भाग) आसपास आणि फॉस्फेट 0.1 पीपीएमपर्यंत हळूहळू चढवायचं ठरवलं.

ताईंना हे पटेना. "शेवाळ घालवायला खत घालायचं?"

माझं मत ठाम होतं. पोषकं संपली की साधं शेवाळ आणि जिवाणू उपाशी मरतात आणि मोकळी झालेली जागा हे डायनो बळकावतात. तिथे स्पर्धक परत आणायलाच हवेत. ऑस्ट्रिऑप्सिसच्या पेशी रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून वाहत्या पाण्यातल्या पेशी अतिनील किरणांनी मारणारा यूव्ही दिवा थेट मुख्य टाकीला जोडला.

काही आठवड्यांनी ताईंचा फोन आला, "काचेवर हिरवं यायला लागलंय, पुसू का?" मी म्हटलं, "मुळीच नको!" पुढच्या खेपेला वाचलेल्या ट्रोकस त्याच काचेवर सोडल्या. या वेळी त्या चिकटून राहिल्या.